हळदीखालचा चेहरा

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी रोज वाचतो, पण खरं सांगायचं तर मजा म्हणून वाचत होतो. अंगात येणं, करणी, चकवा... यातलं मला कधी काही पटलं नाही. आता स्वतःचंच लिहायला बसलोय तर धाकधूक होतीय. आठवीत शाळा सुटली, शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

मी मूळचा सास्तूरचा, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. सध्या गुजरातेत मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. बायको आणि पोरगी श्रेया इथंच असतात. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी तान्हा होतो. मला ढिगाऱ्यातनं जिवंत काढलं. आईला नाही. घरातली एकूण एक वस्तू मातीत गेली, फोटोसुद्धा. वडील तिच्याविषयी कधी बोलले नाहीत, आणि आता तेही नाहीत. आईचा चेहरा कसा होता हे मला माहीतच नव्हतं.

मागच्या वर्षी पोरीला शाळेत घरच्यांचे फोटो चिकटवून न्यायचे होते. आज्जीच्या जागी तिनं फूल काढलं. ते फूल बघून मला दोन घास गेले नाहीत.

दिवाळीला तिकीट एकाचंच मिळालं. एकटाच गावी गेलो आणि नातेवाइकांची घरं धुंडाळायला लागलो. लोकांनी ट्रंका उघडल्या, माळ्यावरनं पिशव्या काढल्या. मी एकेक फोटो उजेडात धरून मोबाइलमधे घेत होतो. बैलगाडीवर बसलेले आजोबा सापडले, फेटा बांधलेले वडील सापडले... आई कुठंच नाही. शेवटी चुलती म्हणाली, अणदूरला मावशीकडं जा, तिच्या लग्नात एक फोटो निघाला होता. आईकडच्यांशी येणं-जाणं तुटून वर्षं झाली होती. दारात उभं करतील का नाही याचीच भीती. पण चुलतीचे उपकार, तिनं स्वतः फोन लावून दिला.

मावशीनं मला बघितलं आणि पहिलं वाक्य, "लई उशिरा आठवण झाली रं लेकरा." मग जेवू घातलं. जेवल्यावर तिनं देवाऱ्यातनं, खंडोबाच्या टाकामागनं फोटो काढला.

फोटोत मांडवाच्या खांबाला टेकून एक बाई उभी. कडेवर टोपडं घातलेला मी, टोपड्यावर हळदीचा एक ठिपका. माझं तोंड स्पष्ट दिसत होतं. तिच्या तोंडावर मात्र हळदीचा जाड थर, खालचं काहीच दिसत नव्हतं.

"सवाष्ण गेली ना रं ती," मावशी म्हणाली. "दर सणाला बोट टेकवत गेले. म्याच पुसली तिला... लावून लावून."

तिला काय बोलणार? जगात तेवढं एकच माणूस माझ्या आईला सणावाराला विसरलं नव्हतं. मावसभाऊ म्हणाला, स्टुडिओत दाखवून झालंय, हळद खरवडली तर खालचा फोटोच निघून येतो. पाहिजे तर दुसऱ्या बाईचा चेहरा बसवून देतो म्हणत होते. मी नको म्हणालो.

फोटो देवाऱ्यातला, मागायचं धाडस झालं नाही. दारात उजेडाला धरून मोबाइलमधे एकदा घेतला, धड बघितलाही नाही, बायकोला पाठवला आणि निघालो.

जळकोटला गाडी बदलायची होती. चहा घेत होतो तेवढ्यात बायकोचा फोन.

"अवो, डोळे तर आपल्या श्रेयाचेच की."

"कुणाचे डोळे?"

"कुणाचे म्हंजे? आत्याबाईंचे, तुमच्या आईचे."

मी फोटो उघडला. मांडव तोच, खांब तोच, माझ्या टोपड्यावरचा हळदीचा ठिपकासुद्धा तसाच. फक्त तिच्या तोंडावर हळद नव्हती. गोल चेहरा, ऊन लागल्यासारखे बारीक केलेले डोळे... डाव्या भुवईत एक जुनी खोक. माझी आई माझ्याकडं बघत होती. चहा तसाच ठेवून मी मिळेल त्या गाडीनं अणदूरला माघारी गेलो.

मावशीनं मोबाइल दोन्ही हातांत धरला. मग भुवईवर बोट ठेवून म्हणाली, "खुरपं लागलं होतं तिला. पोरवयात. हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. देवाऱ्यातला फोटो परत बाहेर काढला, तर त्यावर हळद होती तशीच. मी पुन्हा पुन्हा फोटो घेतले, त्याच दारात, त्याच उजेडात. सगळ्यांत हळद आली. तो पहिला एकच तसा.

कारखान्यातला सुपरवायझर म्हणतो, आजकालचे मोबाइल खराब चेहरे आपोआप दुरुस्त करतात. करत असतील, मी काय शिकलेला माणूस नाही. पण ते खुरपं मोबाइलला कुठनं माहीत? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. तुमच्यात कुणाला कळलं तर जरूर लिहा, मी रागावणार नाही.

फोटोच्या प्रिंट काढून घेतल्यात, एक मावशीला पाठवली. तरी जीव घाबराच असतो. तो मोबाइल मी कारखान्यात नेत नाही, घरी कपाटात ठेवतो, बोलायला दुसरा साधा फोन घेतलाय.

मावशी देवाऱ्यातल्या फोटोला आता काच लावून घेतलीय म्हणाली. हळद काचेवर लावते. अधनंमधनं तिचा फोन येतो. तब्येत, पोरगी, पाऊसपाणी नंतर. आधी एकच विचारते, "अजून दिसतीय का रं ती?"

मी उठतो, कपाटातला मोबाइल काढून बघतो, आणि मगच सांगतो, "दिसतीय मावशी."