सुटलेला चौकोन

छत्तीस वर्षांत रंगाऱ्याने एकही भिंत घाईने रंगवली नव्हती. जुना रंग खरवडायचा, भेगांत लांबीचा लगदा भरायचा, पॉलिश पेपर मारायचा, मग अस्तर, आणि ते खडखडीत वाळलं की रंगाचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा. घरमालक कितीही मागे लागला तरी तो शिडीवरूनच म्हणायचा, "भिंत कोरी झाल्याशिवाय मी डबा उघडत नाही." काम संपल्यावर लोक मुद्दाम सुटलेली जागा शोधायचे. ती कधी सापडायची नाही.

घरासमोरची हिरवळ मात्र बायकोची होती. वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद. ते या घरात आले तेव्हा तिथे विटांचे तुकडे आणि वाळलेलं सिमेंट पडलं होतं. तिने ते स्वतः वेचून काढलं, बी टाकलं आणि पुढची एकवीस वर्षं रोज सकाळी बारक्या पाटावर बसून खुरप्याने तण काढलं. तण काढून झालं की अनवाणी दोन फेऱ्या मारायची. रंगाऱ्याला फक्त पाणी घालायची परवानगी होती. "तुम्हाला भिंत कळते, माती कळत नाही," असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नवं गवत कोवळं असताना कोणी त्यावर पाय ठेवला की ती अशी ओरडायची की पोस्टमनसुद्धा कुंपणाला वळसा घालून दारात यायचा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी तिच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला, आणि कपामागोमाग ती स्वतः खाली आली. अर्धांगाचा झटका होता; पुढचे तीन महिने हॉस्पिटलात गेले. ती घरी आली ती चाकांच्या खुर्चीत. बोलणं पहिल्यासारखं झालं होतं, हातही बराचसा वळत होता. पायात ताकद आहे, असं डॉक्टर सांगत होते. पण घरी आल्यावर चौथ्याच दिवशी ती दारात वॉकर धरून उभी राहायला गेली आणि फरशीवर घसरली. कपाळाला तीन टाके पडले. तेव्हापासून 'उभी राहा' म्हटलं की ती खुर्चीचे दांडे इतके घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची.

हॉस्पिटलातून आठवड्यात दोनदा व्यायामाच्या बाई येत. वयाने मुलीएवढ्या, स्वभावाने स्पष्ट. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी रंगाऱ्याला ओट्यावर बोलावून घेतलं.

"काका, मला एका पेशंटला आठ आठवडे दिलेले असतात. फरक दिसला तर पुढचे आठ मिळतात. फरक म्हणजे काय, तर उभं राहणं आणि एक पाऊल टाकणं. काकूंचा पाय तयार आहे. मन तयार नाही."

"आणि नाहीच राहिली तर?"

"तर माझं येणं थांबेल. आणि मग..." बाईंनी खुर्चीकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं, "तुला भीती नक्की कशाची वाटते?"

"फरशीची," ती म्हणाली. "माझी हिरवळ असती तर राहिले असते उभी. गवतावर पडलं तरी लागत नाही."

दोघांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तीन महिने तिथे कोणी फिरकलं नव्हतं. गवत पावसात कुजून गेलं होतं आणि त्याच्या जागी गुडघाभर तण माजलं होतं. मधे लव्हाळा, कडेने काटेरी वेल.

"आता बी टाकलं तर येईल?"

"आताच येईल. पावसाचा जोर ओसरलाय. माती तळहाताला कोमट लागली पाहिजे आणि हवा गार. महिनाभराचा खेळ असतो, मग थंडी पडली की बी झोपून जातं."

रंगाऱ्याने मनात हिशेब घातला. बी टाकायचा महिना आणि बाईंचे उरलेले आठवडे जवळजवळ एकावर एक बसत होते. दुसऱ्याच दिवशी त्याने खुरपं हातात घेतलं.

ती खिडकीशी बसून सूचना द्यायची. "मान धरून ओढू नका, मुळाशी जा!"

"मुळाशीच आहे गं."

"ते मूळ नाही, तुमची चप्पल आहे."

कितीतरी दिवसांनी ती हसली होती, म्हणून तो चार वेळा मुद्दाम चुकला. पण लव्हाळ्यापुढे त्याचं काही चालेना. वरची पाती हातात यायची आणि गाठ खाली तशीच राहायची. सहा दिवसांनी जमीन वरून साफ दिसत होती, तरी मातीत काय दडलंय याची त्याला खात्री नव्हती. खरवडून झालं होतं. आता अस्तर हवं होतं.

तो बियाणांच्या दुकानात गेला. या दुकानाचं शटर त्यानेच रंगवलेलं होतं. गिऱ्हाइकांची गर्दी होती.

"तण पुन्हा येऊ नये असं काहीतरी द्या," तो म्हणाला.

दुकानदाराने पावडरची पिशवी पुढे सरकवली. "ही टाका आणि वरून पाणी मारा. मातीतलं एकही बी डोकं वर काढणार नाही, पेंटरसाहेब."

रंगाऱ्याला हेच हवं होतं. नंतर तिथे काय टाकणार, हे दुकानदाराने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. भिंतीला अस्तर लावताना वर कुठला रंग येणार हे त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने बायकोला खुर्चीसकट बाहेर मोकळ्या मातीवर आणून बसवलं होतं. पिशवी पाहून ती म्हणाली, "तणाला औषध? आजारी आहे का ते?"

"तू एकवीस वर्षं खुरपत बसलीस. हे एका दिवसाचं काम आहे. चल, तुला बाजूला घेतो."

"नका हलवू. किती दिवसांनी माझ्या मातीत बसलेय."

मग पावडर तिच्या नाकात जाऊ नये म्हणून त्याने खुर्चीच्या चारही बाजूंनी हातभर जागा सोडली आणि बाकी सगळीकडे पावडर टाकली. एक हात आडवा आणि एक हात उभा, म्हणजे पिशवीवरच्या मापाच्या बरोबर दुप्पट. राहिलेली जागा नंतर करू म्हणाला. मग ऊन चढलं, तिला आत नेलं, गोळ्या दिल्या, आणि ते राहूनच गेलं.

दहा दिवस थांबून त्याने बी आणलं. या वेळी गल्ल्यावर दुकानदाराची बायको होती. तिने बी मोजून दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. घरी बायकोने सांगितलं तसं त्याने सगळं केलं. बियांत निम्मी वाळू मिसळली, बी सारखं पसरलं, दाताळ्याने हलकेच माती वर ओढली, फळी ठेवून दाबली. पाणी दिवसातून तीनदा, धुक्यासारखं.

आठव्या दिवशी काही नव्हतं. "थोडी वाट बघा," ती म्हणाली. दहाव्या दिवशीही काही नव्हतं. तो पोटावर आडवा होऊन, गाल मातीला लावून पाहायचा. पाखरांनी खाल्लं असेल म्हणून त्याने वर जुन्या चादरी अंथरल्या, मग उजेड कमी पडत असेल म्हणून त्या काढल्या. उरलेलं बीही पेरून टाकलं. बाई येत होत्या, वहीत 'उभं राहणं' या शब्दांपुढे 'नाही' लिहीत होत्या आणि जाताना वही जरा जोरात मिटत होत्या.

बाराव्या दिवशी त्याला एका जागी हिरवे धागे दिसले. फक्त तिथेच. बाकी सगळी जमीन भाकड होती. एकटंच आलंय म्हणजे तणच असणार, असं म्हणत तो खुरपं घेऊन खाली बसला.

"हात लावू नका!" खिडकीतून अशी आरोळी आली की खुरपं त्याच्या हातातून पडलं. "ते गवत आहे. माझं गवत आहे ते!"

"मग इथंच का आलं?"

ती खिडकीतून वाकून पाहू लागली. हिरवा भाग चौकोनी होता, कोणीतरी आखल्यासारखा.

"अहो," ती हळूच म्हणाली, "इथे माझी खुर्ची होती."

रंगारी पिशवी काखेत मारून दुकानात पळतच गेला. दुकानदाराने सगळं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

"पेंटरसाहेब, तण कुठलं आणि गवत कुठलं, हे औषधाला कळत नाही. त्याच्या लेखी बी म्हणजे बी. हे टाकल्यावर गवत पेरायचंच नसतं. मला एक शब्द बोलला असतात तर!"

"किती दिवस राहतं?"

"एक माप टाकलं तर तीन महिने. तुम्ही किती टाकलंत?"

"दोन हात."

दुकानदाराने पिशवीवरच्या मापाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वरची माती काढून टाकली तर?"

"काढा. नवी आणा. पण आज बी टाकलंत तरी ते उगवायच्या आत थंडी येईल. आता पुढच्या मोसमात या."

पुढचा मोसम त्याच्या उपयोगाचा नव्हता. बाईंचे अडीच आठवडे उरले होते. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "चौकोनाला पाणी घातलंत?"

नंतरच्या दिवसांत तो तिला रोज म्हणायचा, की त्या चौकोनावर तरी उभी राहा, दोन पायांना पुरेल एवढी जागा आहे. आणि ती रोज मान हलवायची. "कोवळं आहे ते. दोनदा कापल्याशिवाय गवतावर पाय ठेवायचा नसतो." हे खरं कारण की भीतीचं पांघरूण, हे त्याला समजेना. कदाचित तिलाही समजत नसावं. खुर्चीत बसल्या बसल्या तिची पिंढरी बारीक होत चालली होती. आंघोळ घालताना त्याला ते हाताला जाणवायचं आणि तो पाण्याचा तांब्या उगाच पुन्हा भरून घ्यायचा.

बाईंच्या शेवटच्या भेटीच्या आदल्या दुपारी ती झोपली असताना त्याने माळ्यावरून एक डबा काढला. एका शाळेच्या दारांचा उरलेला हिरवा रंग होता. दारासमोरच्या फरशीवर गुडघे टेकून तो बसला. फरशी धुतली नाही, घासली नाही, अस्तर लावलं नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने धुळीवर तसाच ब्रश टेकवला. तीन फरश्या हिरव्या झाल्या होत्या तेव्हा आतून आवाज आला.

"काय करताय हो?"

 तो ब्रश हातात धरून तसाच बसून राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले. खुर्ची एका हाताने ढकलत ती उंबऱ्यापर्यंत आली आणि त्याच्याकडे बघत राहिली. पुढे तिला येता येत नव्हतं.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "तुझी हिरवळ मी मारली. आता तू कायमची या खुर्चीत."

"रंग वाळायच्या आत पुसून काढा," ती म्हणाली. "शोभत नाही ते." 

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. वहीचं शेवटचं पान त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं. "काकू, आज शेवटचा दिवस. काय लिहू?"

 रंगारी तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने तिचे दोन्ही हात धरले. रॉकेलने घासूनही त्याच्या नखांच्या कडा हिरव्याच राहिल्या होत्या.

"गेलं तर जाऊ दे ते गवत," तो म्हणाला. "मी पुन्हा लावीन. तू सांगशील तसं लावीन. पण आज एकदा."

तिने त्याच्या नखांकडे पाहिलं. एकेक बोट उलटं करून पाहिलं.

"चला," ती म्हणाली.

चौकोनाच्या कडेला खुर्ची लावली. बाईंनी डावीकडून कमरेला पट्टा धरला, रंगाऱ्याने उजवीकडून दंड. गवत बोटभर झालं होतं, केसांसारखं मऊ. तिने डोळे मिटले, दात आवळले आणि ती उठली. पाय लटपटत होते, मान घामाने भिजली होती. बाई मोजत होत्या. "सहा, सात, आठ... काकू, डोळे उघडा."

तिने डोळे उघडून खाली पाहिलं. तिच्या डाव्या पंजाखाली पाती आडवी पडली होती, काही मातीत रुतली होती.

"अगं बाई, मेलं की ते," ती म्हणाली. आणि तिथून तिने पाय उचलला. घाईघाईने उचलला आणि पलीकडच्या भाकड मातीवर टेकवला. मग उजवाही घेतला.

बाईंचं मोजणं थांबलं.  ती स्वतः मात्र चिरडलेल्या पात्यांकडेच पाहत होती. मग तिची नजर सरकत सरकत त्याच्या चपलांपर्यंत आली.

"अहो, पाय!" ती ओरडली. "तुम्ही कुठे उभे आहात बघा. मागे सरा!"

तो मागे सरला. तिचा दंड त्याच्या हातात होता, म्हणून तिलाही त्याच्याबरोबर आणखी एक पाऊल टाकावं लागलं.