पिंगाडकाका तुलबेनच्या रांगेत

आमच्या आगवा गावात काशाची गांगसा, म्हणजे हातात धरून बडवायची थाळीसारखी घंटा, वाजवण्यात पिंगाडकाकांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि शेजारच्या तुलबेन गावाला नावं ठेवण्यातही नव्हता. "तुलबेनवाले गांगसा वाजवतात की भांडी घासतात?" असं ते प्रत्येक लग्नात विचारायचे.

यंदा डोंगरावरच्या उत्सवात नाचाच्या स्पर्धेआधी तुलबेनच्या गांगसेला तडा गेला. त्यांचा म्होरक्या लुबोस मान खाली घालून आमच्याकडे आला. काकांनी त्याला भरपूर ऐकवलं, आणि मग आजोबांकडून आलेली आपली गांगसा त्याच्या हातात ठेवली.

आमचा नाच आधीच झाला होता. तुलबेनवाले मैदानात फेर धरू लागले. काका ऐकत होते आणि ओठ चावत होते. अखेर ते ओरडले, "अरे, तिला असं बदडतोस काय!" आणि नाचाचा लंगोट सावरत थेट रांगेत घुसून त्यांनी लुबोसच्या हातातून गांगसा काढून घेतली आणि स्वतःच वाजवायला घेतली. लुबोस त्यांच्या मागे हात पसरून नाचू लागला. सगळ्यांचे पाय एका ठेक्यात पडायला लागले.

पहिला नंबर तुलबेनचा आला.

काकांची बायको, गवानीकाकू, म्हणाली, "आज जेवायलाही तिकडेच जा!"

काका खरंच गेले. तुलबेनवाल्यांनी त्यांना डुकराच्या मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला आणि तांदळाची दारू पाजली. दुसऱ्या दिवशी काका आवाज बारीक करून काकूला म्हणाले, "तशी माणसं वाईट नाहीत गं. फक्त थोडं शिकवावं लागेल."