हुपरीचा हॉल

हुपरीत चांदीवर बोलणारी माणसं घरटी दोन सापडतील. पण एका इंग्रजी शब्दासाठी आयुष्य खर्ची घालणारा माणूस तिथं एकच झाला. ते माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे, चांदीच्या पैंजणांचे कारागीर. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. शब्द होता हॉलमार्क. नव्वदच्या सुमारास रद्दीत मिळालेल्या एका पुस्तकात त्यांनी त्याची कुळकथा वाचली, आणि त्यानंतर ती ऐकल्याशिवाय कुणाची सुटका झाली नाही. बहिणीच्या सुपारीत मानपानाची बोलणी मध्येच थांबवून ते माझ्या वडिलांना म्हणाले, “पावणं, लंडनात सोनारांचा एक हॉल हाय. ज्यानं त्यानं माल तिथं न्यायचा, तपासून घ्यायचा, मग मार्क. हॉलात मिळतो म्हणून हॉलमार्क. शिक्का एकट्या कारागिराचा न्हाय, समद्यांचा!” वडिलांनी मान डोलावली. लग्न ठरलं. कोल्हापूरच्या एसटीत तर मामांचा शाहूपुरीचा थांबा आला की कंडक्टर ओरडायचा, “मामा, लंडन आलं, उतरा!”

हुपरीलाही असा हॉल हवा, हा त्यांचा ध्यास. काहीजण चांदी कमी घालत आणि नाव सगळ्या गावाचं जाई. दहा वर्षं ते सायकलवरून घरोघरच्या कारखान्यांत फिरले. चहा सगळीकडे मिळाला. “हॉल पायजेच की, मामा,” लोक म्हणत, “पर पयला शेजाऱ्याचा माल न्या.”

पुढे शाहूपुरीत चांदी तपासायचं यंत्र आलं. मामांनी पहिल्यांदा स्वतःचाच माल नेला. सोबत मी होतो. शंभरात साठ भाग चांदी, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शब्द. यंत्रानं अठ्ठावन्न दाखवले. कड्या जोडायला लागणारा, कमी चांदीचा डाख ते अंदाजानं धरत आले होते, आणि अंदाज दोनानं चुकत होता.

“यंत्र बिघडलं असेल,” मी म्हणालो.

“यंत्राला पावणं न्हाईत,” मामा म्हणाले.

त्यानंतर वर्षभर त्यांनी आपल्या शिक्क्याची पैंजणं हाताला लागतील तेवढी परत आणून वितळवली. नातीच्या पायातलीही सोडली नाहीत. नात रडली. महिन्याभरानं तिला नवी पैंजणं मिळाली, यंत्रावर साठ भरलेली. फक्त त्यांवर शिक्का नव्हता. बहिणीनं विचारलं, तर म्हणाले, “मारूया की. हॉल होऊ दे.”

हॉल झाला नाही. मामाही आता नाहीत. ती पैंजणं नातीच्या पायात मावत नाहीत, पण बहीण दर दिवाळीला रिठ्यानं धुऊन ठेवते. कडीजवळ शिक्क्यापुरती जागा मामांनी घासून सपाट केली होती. ती तशीच आहे.