मायाप्पाच्या बुटाची नाडी

आमच्या बॉम्बशोधक पथकात सगळ्यात चांगलं जेवण जेनीला मिळायचं. दूध, अंडी, मटण, शिवाय महिन्याला डॉक्टर. तिला सांभाळणारा हवालदार मायाप्पा गावडे मात्र कालची भाकरी गाडीच्या सावलीत बसून खायचा. मी पथकाच्या गाडीचा ड्रायव्हर. सात वर्षं या दोघांना सोलापूरभर फिरवलं, म्हणून सांगतोय. नाहीतर सरकारी कुत्र्यावर लिहायला मला काय वेड लागलंय?

मायाप्पा सांगोल्याकडचा, मेंढरांमागं वाढलेला. वय एक्कावन्न, दोन्ही गुडघे गेलेले, आणि चेहरा कायम जागरण झाल्यासारखा. पहाटे पाचला उठायचा. जेनीला फिरवायचं, विंचरायचं, तिचं शिजवायचं, मग सराव, मग कोर्ट, स्टेशन, कुठल्या तरी साहेबाची सभा. रजा मागितली की उत्तर ठरलेलं, कुत्रं दुसऱ्याचं ऐकत नाही. थोरल्या मुलीच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्यावर तो ताटावरनं उठून ड्यूटीला आला होता. तक्रार करायलाही ताकद लागते, ती त्याच्यात उरली नव्हती.

सराव म्हणजे मैदानात बारा पत्र्याचे डबे ओळीनं मांडायचे, एकात स्फोटकाचा नमुना ठेवायचा आणि कुत्र्याला ओळीवरून न्यायचं. वास लागला की कुत्रं तिथं खाली बसतं. नमुना दुसऱ्यानं लपवायचा, असा नियम आहे. कुत्र्याबरोबर चालणाऱ्याला तो कुठल्या डब्यात आहे हे कळता कामा नये. पण आमचा दुसरा हँडलर मे महिन्यात बदलून गेला आणि त्याच्या जागी कोणी आलंच नाही. मग मायाप्पाच नमुना लपवायचा आणि मायाप्पाच जेनीला घेऊन यायचा. रजिस्टरात रोज ‘अचूक’. मीही रोज बघत होतो, माझ्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरायच्या आदल्या दिवशी दुपारी जत्रेचं होम मैदान तपासायचं होतं. सकाळी सरावाच्या वेळी मायाप्पाचे गुडघे फारच धरले होते. ‘‘मालक, आज तुमीच ठेवा की,’’ तो मला म्हणाला. मी नमुना चौथ्या डब्यात ठेवला.

जेनी चौथा डबा ओलांडून सरळ पुढं गेली. नवव्याजवळ मायाप्पाच्या बुटाची नाडी सुटली, तो बांधायला वाकला, आणि जेनी तिथंच बसली.

‘‘कितव्यात हाय?’’ त्यानं विचारलं.

‘‘चौथ्यात.’’

त्यानं तिला पुन्हा आणली. या वेळी मुद्दाम दुसऱ्या डब्यापाशी थांबला. जेनी बसली आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग अकराव्यापाशी थांबला. तिथंही बसली.

‘‘ही डबं हुंगतच न्हाय,’’ मायाप्पा म्हणाला. ‘‘माझं पाय बघती. नमुना कुटं हाय ते मला ठावं असायचं, पाय आपसूक ढिलं पडायचं. लई शाणी हाय, म्हनून तर कळलं न्हाय.’’

नऊ वर्षांची कुत्री. तिचं नाक कधी गेलं कोण जाणे. मायाप्पा तिथंच मातीत बसला. मी त्याच्या शेजारी बसून शहाणपणा शिकवला. ‘‘गड्डा होऊ दे. फेब्रुवारीत चाचणी आहेच, त्यात ती बाद होईल. आता बोललास तर आठ महिन्यांच्या प्रत्येक ‘सुरक्षित’ कागदावर तुझीच सही आहे. चौकशी लागेल. आणि या गुडघ्यांवर भर उन्हात बंदोबस्ताला उभं राहशील.’’

तो बराच वेळ जेनीची पाठ खाजवत होता. ‘‘मालक,’’ शेवटी म्हणाला, ‘‘कुत्रं हाय म्हनून धनगर रातच्याला झोपतोय. असलं कुत्रं असन्यापरास नसल्यालं बरं. मानूस जागा तरी ऱ्हातो.’’

दुपारी होम मैदानावर पाळण्याचे सांगाडे उभे होते, दुकानदार ताडपत्र्या बांधत होते. उपनिरीक्षक ऋतुजा मॅडम म्हणाल्या, ‘‘गावडे, सुरू करा.’’ मायाप्पा जागचा हलला नाही. मला वाटलं, गुडघा धरला.

‘‘मॅडम, जेनीला वास येत न्हाय. हिच्या भरवशावर जाऊ नका.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘ठाऊक न्हाय. आठ म्हैनं धरा. मला आज सकाळी कळलं.’’

मॅडम लगेच फोन करायला लागल्या. शेजारच्या जिल्ह्यातून कुत्रं येईपर्यंत अख्खं मैदान रिकामं ठेवावं लागलं. दुकानदारांनी आम्हाला शिव्या घातल्या, त्याही आम्ही खाली मान घालून ऐकल्या.

जेनी निवृत्त झाली. ती आता मायाप्पाच्या घरी, पोलीस लाइनीतल्या दीड खोलीत असते. मायाप्पा नवी पेठेत बंदोबस्ताला उभा असतो, एक पाय उचलून, मग दुसरा. चौकशी चालू आहे.

चौकशीत त्याला आठ महिन्यांत जेनीनं तपासलेल्या सगळ्या जागांची यादी लिहून द्यायला सांगितली. त्याला अक्षराची लाज वाटते, म्हणून कचेरीत द्यायच्या आधी त्यानं ती मला तपासायला दिली. एकूण त्रेसष्ट जागा. कोर्ट, स्टेशन, देऊळ, सभा. एक्केचाळिसावी होती डिसेंबरातल्या एका शाळेच्या संमेलनाची. तिथं मंत्री येणार होते, आणि माझी मुलगी प्रियदर्शनी नाचणार होती. गर्दीला घाबरणाऱ्या तिच्या आईला मीच फोनवर सांगितलं होतं, ‘‘पुढच्या रांगेत बस निवांत. आपल्या जेनीनं हॉल बघितलाय.’’

‘गड्डा होऊ दे’ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं गड्ड्यातली सगळी पोरं दुसऱ्यांची होती.

‘‘बरूबर हाय न्हवं, मालक?’’ मायाप्पानं विचारलं.

‘‘बरोबर आहे,’’ मी म्हणालो. मला त्याच्याकडं बघवेना. मी कागद त्याच्या हातात दिला आणि गाडी सुरू केली.