कुंकवातला कोरा चौकोन

तिसऱ्या नंबरच्या पिस्टनला आरपार भोक पडलं होतं. करंगळी आत जाईल एवढं. आमचा इंजिन मिस्त्री भास्कर तो पिस्टन हातात धरून उभा होता आणि मी क्लेमचा फॉर्म भरत होतो. फॉर्म जवळजवळ भरून झाला होता. खरं सांगायचं तर पिस्टन नीट बघायच्या आधीच झाला होता.

मी नाशिकला, अंबडमधल्या एका पिकअप गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये वॉरंटी इनचार्ज आहे. काम सांगायला सोपं आहे. वॉरंटीतली गाडी बिघडून आली की दोष कंपनीचा की गिऱ्हाइकाचा, ते बघून कंपनीला कळवायचं. कंपनीचा असेल तर पार्ट फुकट, नाहीतर नाही. शिव्या मात्र दोन्ही बाजूंनी मलाच. त्यात आजवर एका दिवसाचा खाडा नाही.

आमच्या फॉर्मवर क्लेम नाकारायची कारणं छापलेलीच असतात. समोर फक्त टिक करायची. त्यातलं दुसरं कारण 'ड्रायव्हर निग्लिजन्स', म्हणजे चालकाचा हलगर्जीपणा. हे आम्हा सगळ्यांचं लाडकं कारण. ड्रायव्हर काही भांडायला येत नाही. येतो तो मालक. त्याला 'तुमच्या ड्रायव्हरनं घात केला' म्हटलं की तो आमच्यावरचा राग उचलून ड्रायव्हरकडे घेऊन जातो. सगळं कसं सुरळीत.

ही गाडी नामपूरच्या पोपटआबांची. आबा डाळिंबाचे व्यापारी. बागेतून कॅरेट भरायचे आणि नाशिकच्या मार्केटला लिलावासाठी आणायचे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात देवळ्याजवळच्या भावडबारी घाटात, भरल्या गाडीनं पांढरा धूर सोडला, डिपस्टिकच्या नळीतून ऑइल उडालं आणि गाडी जागेवर बसली. आधी ओढत नामपूरला आबांच्या दारात नेली, पण वॉरंटीतलं इंजिन खोलायची परवानगी फक्त आम्हाला, म्हणून दुसऱ्या दिवशी टोचन लावून अंबडला आणली.

आमचे वर्क्स मॅनेजर बेंडाळे साहेब. त्यांनी पिस्टन लांबूनच पाहिला.

"काय जाधव, तापवली ना?"

"दिसतंय तसंच, साहेब."

"मग टिक करा आणि पाठवा. बे अडकून पडलाय."

बे म्हणजे एक गाडी उभी राहील एवढी कामाची जागा. ती अडकली की साहेबांचा जीव अडकतो. मी टिक केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर पन्नाशीचा एक माणूस येऊन उभा राहिला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. बस म्हटलं तरी बसेना.

"सलाम साहेब. मी सलीम. पोपटआबांच्या गाडीवर ड्रायव्हर हाय. म्हंजे होतो."

"गाडी अजून खोललेली आहे. आबांना फोन करू आम्ही."

"आबांनी नाय पाठवलं. मी माझा आलो, पहिल्या एस.टी.नी."

मी पेन खाली ठेवलं. ड्रायव्हर स्वतःहून आलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आबांनी किल्ली काढून घेतली," तो म्हणाला. "त्याचं काय नाय. गाडी त्यांची, किल्ली त्यांची. पण मार्केटात चहाच्या टपरीवर चार लोकांत बोलले, सलीमनी इंजिन खाल्लं. बावीस वर्षं झाले साहेब स्टेरिंगवर. इंजिन खाल्लेला ड्रायव्हर म्हटल्यावर आता मला कोन सायकल बी देनार नाय."

"मग मी काय करू?"

"तुमच्या मशीनमध्ये सगळं दिसतं म्हंतात. माझी गाडी तापली होती का, तेवढं बघा. तापली असंल तर लिहा माझं नाव. मी खाली सही करतो."

फॉर्म माझ्या कोपराखालीच होता. टिक त्याला दिसली नसावी. मला ती दिसत होती आणि लाज वाटली. कारण त्यानं जे बघायला सांगितलं ते बघणं हेच माझं काम होतं, आणि ते मी केलं नव्हतं.

"बसा सलीमभाई," मी म्हणालो. "चहा घ्या."

आता थोडं इंजिनाबद्दल. ड्रायव्हरनं पाणी बघितलं नाही, गाडी तापली आणि तशीच रेटली, तर त्याच्या खुणा ठरलेल्या असतात. वरचं हेड वाकतं, हेडखालचं गॅस्केट जळतं आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे ईसीएममध्ये, जास्त तापल्याची नोंद राहते. ती नोंद ड्रायव्हरला पुसता येत नाही.

मी स्कॅनर लावला. तापल्याची एकही नोंद नाही. भास्करला हेडवर सरळपट्टी धरायला सांगितली. हेड सरळ. गॅस्केट साबूत. ऑइलही वेळच्या वेळी बदललेलं, बेअरिंग स्वच्छ.

"भास्कर, बाकीचे तीन पिस्टन आण."

तिन्ही टेबलावर मांडले. भोक एकालाच होतं, पण माथे चारही पिस्टनचे भाजलेले होते. पिस्टनवर डिझेल फवारणारा एकच इंजेक्टर खराब असता तर एकच पिस्टन जळाला असता. इथे चौघांनाही गरजेपेक्षा जास्त डिझेल मिळालं होतं, आणि तेही बरेच दिवस. तरी चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासले. चारही ठणठणीत. ईसीएममधलं सॉफ्टवेअरही मूळचंच, कोणी हात लावलेला नाही.

मग जास्तीचं डिझेल सोडलं कोणी?

मी बॉनेटखाली डोकं घातलं. या इंजिनात रेल नावाची एक जाड नळी असते. पंप तिच्यात डिझेल दाबून भरतो आणि तिथून ते चारही इंजेक्टरना जातं. रेलच्या टोकाला एक सेन्सर असतो. आत दाब किती आहे हे तो ईसीएमला कळवतो. त्या सेन्सरच्या प्लगचं लॉक स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलेलं होतं. आमच्या वर्कशॉपमध्ये तो प्लग कधी काढल्याची नोंद नव्हती.

आणि तेव्हा मला कुंकू दिसलं.

दसऱ्याला आपल्याकडे गाडी पुजतात, त्यात नवल नाही. आबांकडची पूजा मात्र सढळ हाताची होती. एअर फिल्टरच्या झाकणावर स्वस्तिक, बॅटरीवर पाच बोटं, ब्रेक ऑइलच्या डबीला टिळा. रेलच्या बाजूला एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावरही हळद-कुंकू आणि चिकटलेले तांदळाचे चार दाणे. फक्त तिथे मधोमध एक चौकोन कोरा होता. साबणाच्या डबीएवढा. कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. चौकोनाबाहेर कुंकू, धूळ, तेल. आत मूळचा चकचकीत रंग आणि दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा एक तुकडा.

पूजा कोणत्यातरी वस्तूची झाली होती, आणि ती वस्तू आता तिथे नव्हती.

"सलीमभाई, इकडे या. इथे काय बसवलं होतं?"

"ते व्हय? जीपीएस."

"कोणी सांगितलं?"

"आबांनी. दसऱ्याच्या आधी लावला. मला जरा वाईट वाटलं साहेब. इतकी वर्षं झाले, आता आपल्यावर नजर ठेवाया लागले. तवापासून मी रस्त्यात चहाला बी थांबलो नाय. म्हटलं, आबा मोबाइलवर बघत असतील."

भास्कर दुसरीकडे बघायला लागला. जीपीएस कोणी रेलच्या सेन्सरला जोडत नाही.

"आणि गाडीत काही फरक जाणवला?"

"लय! घाटात दुसऱ्या गिअरला रडायची, ती तिसऱ्याला सुटायला लागली. मला वाटलं तुम्हीच सर्व्हिसिंग भारी केलं."

आमच्या सर्व्हिसिंगचं एवढं कौतुक पहिल्यांदाच झालं, तेही चुकून.

त्या डबीला बाजारात परफॉर्मन्स चिप म्हणतात. ती सेन्सर आणि ईसीएम यांच्या मध्ये बसते आणि खोटं बोलते. रेलमध्ये दाब पुरेसा असतो, ही सांगते कमी आहे. मग ईसीएम पंपाला म्हणतो, वाढव. पंगतीत शेजारच्यानं वाढप्याला सारखं 'यांच्या पानात काहीच नाही' असं सांगत राहावं, तसंच. जेवणारा सुरुवातीला खूश असतो. गाडीला ताकद येते, ती खरीच येते. पण जास्तीच्या डिझेलची जास्तीची आग पिस्टनच्या माथ्यावर पेटते. पाण्याचा काटा मात्र निम्म्यावरच राहतो. ड्रायव्हरला कळायला काही मार्गच नसतो. त्यात कॅरेटचं वजन कागदावरच्यापेक्षा कितीतरी जास्त आणि समोर भावडबारीचा चढ.

मी आबांना फोन करून बोलावून घेतलं. दुपारी आले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, आणि आल्या आल्या वरचा सूर.

"काय साहेब, कंपनीचा माल असा? वर्ष नाही झालं अजून!"

मग कोपऱ्यात बसलेला सलीम दिसला आणि सूर जरा खाली आला. मी त्यांना सरळ गाडीकडे नेलं.

"आबा, दसऱ्याची पूजा कोणी केली?"

"आमच्या मंडळींनी."

"छान केली. कुठं काही सोडलं नाही. मग या चौकोनाच्या जागी काय होतं, ज्याला वहिनींनी कुंकू लावलं?"

आबांनी चौकोनाकडे पाहिलं. मग टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"मार्केटचा एक जण म्हणला, चिप लाव. त्याची गाडी घाटात आपल्या गाडीला मागं टाकून जायची. लिलावाला त्याचा नंबर आधी लागायचा. म्हटलं, आपण का मागं राहावं?"

"आणि टोचनवाला येईपर्यंत काढून टाकलीत."

"काढली," आबा म्हणाले. "वॉरंटी जाती म्हणे."

"डबी काढली, वायर काढली, प्लग पुन्हा बसवला. सगळं केलंत. मग एक फडकं मारायला काय झालं होतं?"

आबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू गुन्हा मीच केलाय.

"काय बोलता साहेब? पूजेचं कुंकू कुठं पुसत्यात का? मी घेतलं होतं फडकं हातात. मंडळींनी ओढून घेतलं. म्हणे, गाडी बंद पडली ती पडली, आता कुंकू पुसून घरावर काय आणता का?"

माझ्या घरीही हेच झालं असतं.

सलीम उठून जवळ आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आबा, तो जीपीएस नव्हता?"

"नव्हता रे."

"मंग मला चहाला थांबायला काय हरकत नव्हती," सलीम म्हणाला. एवढंच म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

आबांची मान खाली गेली. इतका वेळ माझ्याशी जमेल तशी पुस्तकी मराठी बोलत होते, ती सुटली आणि घरची अहिराणी तोंडात आली. "सलीम, तुनी काही चूक नही शे रे भो," ते म्हणाले.

"हे मला नका सांगू. टपरीवर सांगा. जिथं बोलले तिथं."

"सांगसू."

मी जुना फॉर्म फाडला आणि नवा घेतला. कारण लिहिलं: रेल प्रेशर सेन्सरवर अनधिकृत उपकरण बसवल्याच्या खुणा, फोटो सोबत. त्याखाली शेरा लिहिला: इंजिन तापलेलं नाही, देखभाल व्यवस्थित, चालकाची चूक नाही.

बेंडाळे साहेबांनी वाचलं.

"वरचं ठीक आहे. हे खालचं कशाला? कंपनीनं विचारलंय का?"

"नाही."

"मग?"

"साहेब, काल मी 'ड्रायव्हरची चूक' म्हणून टिक केली होती. तपासलं नव्हतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बाहेर अडकलेल्या बेकडे पाहिलं आणि सही केली. "सवय लावून घेऊ नका," म्हणाले.

क्लेम नामंजूर झाला, तो होणारच होता. आबांनी इंजिन स्वतःच्या खर्चानं बांधून घेतलं. सलीमभाईनं शेऱ्याची झेरॉक्स मागितली, ती मी दिली. नियमात बसतं की नाही ते विचारायला गेलो नाही.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. आबांनी पुन्हा किल्ली दिली होती. त्यानं घेतलीही होती.

"टपरीवर बोलले का आबा?" मी विचारलं.

"बोलले साहेब. पण हळू बोलले."

"मग?"

"मंग काय! तुमचा कागद लॅमिनेट करून गाडीच्या काचेला लावला. ज्याला ऐकू नाय आलं, तो वाचतो."

तेव्हापासून कोणतीही गाडी आली की स्कॅनर लावायच्या आधी मी बॉनेटखालची पूजा बघतो. घरची बाई कुंकू लावताना नवी वस्तू कधी सोडत नाही, आणि लावलेलं कुणाला पुसू देत नाही. आमच्या धंद्यात एवढी भरवशाची नोंद दुसरी नाही.

माझ्या मागच्या कपाटात जुन्या क्लेमच्या फायली आहेत. त्यातल्या बऱ्याच फॉर्मवर दुसऱ्या कारणापुढे माझ्या हातची टिक आहे. त्यातल्या किती गाड्या खरंच तापल्या होत्या, मला माहीत नाही. त्यांचे ड्रायव्हर विचारायला आले नव्हते, आणि मी बघितलं नव्हतं.