दोरीच्या अलीकडे

माझी थोरली नणंद आमच्याच घरात राहते. मी त्यांना वन्सं म्हणते, ह्यांची ती ताई, आणि रंगकारखान्यामागच्या गल्लीतल्या मुलींच्या त्या बाई. रोज रात्रीची कामं आटोपली की मी देवाचं नाव घेऊन दिवसभराचं चार ओळींत लिहून ठेवते. त्यात वन्संचं नाव इतक्या वेळा येतं, की एकदा त्यांच्यावरच सलग लिहावं असं मनात आलं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माझ्यावर काय लिहिणार? संग्रहालय, घर, संग्रहालय, घर. एका ओळीत उरकेल."

ते खरंही आहे. गावातल्या जुन्या संग्रहालयात सामान ठेवायची खिडकी आहे, तिथं वन्सं बसतात. लोकांनी पिशव्या, छत्र्या द्यायच्या, वन्संनी बिल्ला द्यायचा. पूर्वी दिवसभर बसत, आता दुपारपर्यंतच. कारण मामंजी. त्यांचे पाय गेले त्याला बरीच वर्षं झाली. डोकं मात्र लख्ख, आणि जीभ त्याहून. पुढची खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये लाकडी पडदी आहे. मामंजी पलंगावरून काठीनं ती ठोकतात. एकदा ठोकलं तर पाणी, दोनदा म्हणजे कूस बदलायची आहे, आणि लागोपाठ ठोकलं तर काही नको आहे, कोण कुठं आहे ते कळायला हवं आहे. आणि हे सगळं वन्संनीच करायचं. मी गेले की म्हणतात, "सूनबाई, तुमचा हात हलका आहे, पण मला जड हाताची सवय आहे."

वन्संना तरुणपणी बाहेरगावच्या कॉलेजात जागा मिळाली होती. ट्रंक भरून झाली होती. त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. मामंजी म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी." वन्संनी ट्रंक रिकामी केली. ती आता आमच्या पलंगाखाली असते, तिच्यात जादा पांघरुणं आहेत. हे मला लग्नानंतर ह्यांनी सांगितलं. वन्संनी कधीच नाही.

मुलींचं सुरू झालं ते त्या खिडकीवरच. एका दुपारी गल्लीतली एक पोर खिडकीशी उभी राहिली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, माझ्याकडे ठेवायला काहीच नाही. तरी आत जाता येतं का?"

पहारेकरी धावत आला. वन्सं हसल्या आणि स्वतःची कामाची वेळ संपल्यावर तिला आत घेऊन गेल्या. त्या पोरीला गल्लीत पिपाणी म्हणत. तिचा दोष नव्हता. आई रंगखात्यात, मावशी रंगखात्यात, तिथल्या यंत्रांच्या घरघरीत बोलून बोलून घरी येऊनही त्या ओरडूनच बोलत. त्या घरात "मीठ दे" सुद्धा भांडण लागल्यासारखं ऐकू येई.

पुढच्या रविवारी पिपाणी आमच्या दारात, आणि तिच्या मागं आणखी मुली. शाळा संपत आलेल्या, अभ्यासात बऱ्या, पण कॉलेज म्हणजे काय ते घरात कुणी पाहिलेलं नाही. वन्संनी पुढची खोली त्यांना दिली. अभ्यास घ्यायच्या, मुलाखतीची तयारी करून घ्यायच्या. परीक्षक म्हणून मला बसवत, ह्यांचा चष्मा लावून. मला त्यातून काही दिसत नसे, त्यामुळं मी फार कडक दिसते असं मुली म्हणत.

"काकू, तुम्ही असं बघू नका ना, मला सगळं विसरायला होतं," पिपाणी म्हणायची.

"बघत नाही गं, शोधते आहे तू कुठं आहेस ते."

आणि महिन्यातून एकदा बाहेर. कधी संग्रहालय, कधी नाटक, कधी वाद्यवृंद. वन्संचं म्हणणं असं, की नुसत्या मार्कांवर पोरगी आत जाईल, पण आत गेल्यावर तिला आपण चोरून शिरलो आहोत असं वाटता कामा नये. म्हणून प्रत्येक सहलीची आधी घरात तालीम. नाटकाच्या आधी खुर्च्यांच्या रांगा लावल्या, पुठ्ठ्याची तिकिटं केली. बसलेल्यांच्या गुडघ्यांपुढून कसं जायचं, खोकला आला तर काय करायचं, सगळं. हे संध्याकाळी घरी आले तर एका मुलीनं त्यांना दारातच अडवून तिकीट मागितलं. हे म्हणाले, "बरं झालं, आता आपल्या घरातही मला जागा राखीव नाही." पडदीपलीकडून मामंजी म्हणाले, "मला खेळ फुकट ऐकू येतो आहे. काही खास नाही."

संग्रहालयाची तालीम सगळ्यांत कडक. तिथं मौल्यवान वस्तूंपुढं पितळी खांबांना दोरी लावलेली असते. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. हात मागं बांधायचे. आवाज इतकाच, की शेजारणीला कळावं आणि तिसरीला कळू नये. कुणी बोलावल्याशिवाय पुढं जायचं नाही. पिपाणीवर तर वन्संनी फार मेहनत घेतली. "हळू. आणखी हळू. अगं, मी समोर आहे, नदीच्या पलीकडे नाही." वर्षभरात ती पोर इतकी मऊ बोलायला लागली, की तिची आई एकदा येऊन म्हणाली, "बाई, घरात हिचं बोलणं कळत नाही हो. आजारी बिजारी नाही ना?"

हसलो आम्ही तेव्हा.

शाळेच्या शेवटच्या वर्षी पिपाणीला बाहेरगावच्या कॉलेजचं मुलाखतीचं बोलावणं आलं. वसतिगृहासकट जागा होती. ती मिळाली नाही तर पुढं काय, हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या आईच्या छातीत रंगाची वाफ बसली होती, कारखान्यानं तिला घरी बसायला सांगितलं होतं, आणि आईच्या जागी मुलीला घ्यायला मुकादम तयार होता. आई म्हणाली, "जागा मिळाली तर जा पोरी, मी मावशीकडे राहीन. नाही मिळाली तर मग माझा ॲप्रन आहेच."

मुलाखतीला तिच्यासोबत कुणी जायचं? वन्संच जाणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आदल्या दिवशी मामंजींना ताप आला. वन्सं दिवसभरासाठी कुठं जायच्या म्हटल्या की त्यांना काहीतरी होतं. ढोंग म्हणावं तर अंग खरंच गरम असतं. वन्संनी त्यांच्या कपाळावरचा हात उचलला आणि मला म्हणाल्या, "ती जाईल एकटी. तयारी चांगली झाली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढं बसले ते पिपाणीसाठी. ती परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. चप्पल दारात नीट जोडून ठेवली, हात मागं बांधले आणि म्हणाली, "बाई, माझं नाव गैरहजर लावलं."

हळूहळू कळलं ते असं. मुलाखतीच्या खोलीपुढं पितळी खांब होते, त्यांना दोरी. मुलींनी बाहेर बाकावर बसायचं, शिपायानं आतून नाव पुकारलं की दोरीची आकडी काढून आत जायचं. हे कुणी तिला सांगितलं नाही, बाकीच्यांना सांगायची गरज पडली नाही. तिचं नाव पुकारलं. ती दोरीपाशी जाऊन उभी राहिली आणि "आले" म्हणाली, जसं वन्संनी शिकवलं होतं तसं, शेजारणीला कळेल इतकं. शेजारी कुणी नव्हतं. दोरी कुणीतरी उघडेल म्हणून ती उभी राहिली. आतून पुन्हा नाव आलं. ती पुन्हा "आले" म्हणाली. मग दुसरीचं नाव आलं, ती मुलगी हिला वळसा घालून, आकडी काढून आत गेली.

"मग तू आत का गेली नाहीस?" मी विचारलं.

"दोरीच्या आत बोलावल्याशिवाय जायचं नाही ना, काकू."

देवाला हाक मोठ्यानं मारली काय आणि मनातल्या मनात मारली काय, पोचते. माणसांचं तसं नाही, हे आम्ही त्या पोरीला सांगायचं विसरलो होतो.

वन्सं खाली बसल्या आणि त्या पोरीच्या चपला उगाच सरळ करत राहिल्या. पडदी ठोकली गेली. एकदा. पहिल्यांदाच असं झालं, की वन्सं उठल्या नाहीत. पाणी मी नेलं. मामंजींनी भांड्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

चौकशी केल्यावर समजलं, की काही मुली आल्याच नव्हत्या, म्हणून राहिलेल्यांसाठी त्याच आठवड्यात आणखी एक दिवस ठेवला आहे. वन्सं म्हणाल्या, "ह्या वेळी मी जाते."

मामंजींना सांगितलं तर म्हणाले, "जा की. मला काय, मी आणि भिंत. भिंत पळून जाणार नाही, मीही नाही."

त्या सकाळी ताप नव्हता. पण वन्संनी चपला घातल्या आणि काठी सुरू झाली. लागोपाठ. वन्सं उंबऱ्यात उभ्या, एक पाय आत, एक बाहेर. पिपाणी रस्त्यावर उभी, तिचं तोंड पांढरं. बसची वेळ होत आलेली. ह्यांनी पडदीपाशी जाऊन वडिलांना म्हटलं, "दादा, ताई संध्याकाळी येणार आहे." काठी थांबली नाही. मी वन्संची पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली. त्या गेल्या, पण गल्लीच्या वळणापर्यंत त्यांना ते ऐकू येत असणार, कारण त्या वाकून चालत होत्या, पाठीवर काही पडत असावं तशा.

तिकडं काय झालं ते मला वन्संकडून कधीच कळलं नाही. "काम झालं," एवढंच म्हणाल्या. बाकी पिपाणीनं सांगितलं, सगळ्यांचे आवाज काढून.

दोघी पोचल्या तर यादीत हिचं नावच नव्हतं, येणार नाही म्हणून आधी कळवलेल्यांचीच नावं होती. शिपाई म्हणाला, "ज्यांची नावं आहेत त्यांना पुकारणार. बाकीच्यांचं साहेबांना विचारा." साहेब आत. वन्संनी बसमध्ये सगळं घोकलं होतं, काय बोलायचं, कसं बोलायचं. दोरीपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. हात मागं बांधलेले. एकामागून एक मुली आत जात होत्या, बाहेर येत होत्या. वन्सं दोन वेळा म्हणाल्या, "जरा ऐकता का?" तिसऱ्याला कळणार नाही अशा आवाजात.

"काकू, मी बाईंकडे बघितलं," पिपाणी म्हणाली. "मला वाटलं, अरे, त्या दिवशी मी अशीच दिसत असणार."

शेवटची मुलगी बाहेर आली. शिपाई दार ओढायला लागला. तेव्हा पिपाणी म्हणाली, "बाई, तुम्ही इथंच थांबा." आकडी काढली, दोरीचं टोक वन्संच्या हातात दिलं, आणि रंगखात्यातल्या आवाजात म्हणाली, "मी राहिले आहे. मला आत यायचं आहे."

शिपायाच्या हातून दार सुटलं म्हणे. आतले एक वयस्कर परीक्षक म्हणाले, "या. आता नाही कसं म्हणणार? खालच्या मजल्यालाही कळलं आहे."

बराच वेळ ती आत होती. बाहेर आली तेव्हा वन्सं तिथंच, दोरीचं टोक धरून उभ्या. शिपाई त्यांना म्हणत होता, "बाई, अडकवून टाका की ते." त्यांना ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी वन्सं घरी आल्या तेव्हा मामंजींनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी दिलं, ह्यांनी दिलं, शेजारच्या नर्सबाई येऊन रागावून गेल्या. ओठ सुकून पापुद्रे सुटले होते. वन्संनी पिशवीही न उतरवता भांडं त्यांच्या तोंडाला लावलं. ते घटाघटा प्यायले.

"आलीस?"

"आले."

एवढंच. रागावले नाहीत. वन्संचं मनगट मात्र त्यांनी भांडं रिकामं झालं तरी सोडलं नाही. जेवणं झाली, भांडी झाली, तरी वन्सं तशाच पलंगाच्या कडेला बसलेल्या. मी दिवा मालवायला गेले तर हळूच म्हणाल्या, "सोडतील झोप लागली की."

पिपाणीला जागा मिळाली. जाताना ट्रंक हवी होती तिला. वन्संनी आमच्या पलंगाखालची ट्रंक ओढून काढली, पांघरुणं माझ्या अंगावर टाकली आणि ती पुसून तिला दिली. पोरीला त्या ट्रंकेचं काही माहीत नव्हतं, ती म्हणाली, "बाई, किती जड आहे ही रिकामीच." वन्सं म्हणाल्या, "जुनी आहे."

आता ती सुट्टीत येते. गेल्या खेपेला सांगत होती, की त्यांच्या वसतिगृहात मुलींवर देखरेख करायला एक बाई हव्या आहेत, राहायला खोली आहे, मी तुमचं नाव सांगून आले आहे. आवाज आता तिचा मधला झाला आहे, ना पिपाणी ना कुजबुज. "येता ना बाई?"

मी आणि ह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे म्हणाले, "ताई, आम्ही आहोत इथं. दादांचं बघू आम्ही." मी म्हटलं, "वन्सं, खरंच जा." मनापासून म्हटलं. वन्सं जरा वेळ आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या, अनोळखी भाषा ऐकावी तसं. मग म्हणाल्या, "बघू पुढच्या वर्षी."

पडदीपलीकडे मामंजी जागे होते. 

रविवारची शिकवणी चालू आहे. नव्या मुली आहेत. तालमीत आता वन्संनी एक भर घातली आहे. दोन खुर्च्यांना पडद्याची जुनी दोरी आकडीनं अडकवतात. मी पलीकडे चष्मा लावून बसते आणि नाव पुकारते. मुलीनं मोठ्यानं "आले" म्हणायचं, आकडी काढायची, आत यायचं. ज्या मुली हळू बोलतात त्यांना वन्सं परत पाठवतात. "ऐकू आलं नाही. पुन्हा." सगळं घर दणाणतं. मामंजी म्हणतात, "आधी शांत करायला शिकवलं, आता ओरडायला. काहीतरी एक ठरवा."

परवा अशीच तालीम रंगात आली होती. वन्सं मुलींच्या बाजूला उभ्या, एकीचे खांदे धरून तिला सरळ उभं करत होत्या. पडदी ठोकली गेली, दोनदा. वन्संनी त्या मुलीला सोडलं आणि दोरीखालून वाकून पलीकडे आल्या.

"बाई," सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, "आकडी काढायची असते ना?"

"हो गं," वन्सं म्हणाल्या. तोवर त्या आत गेल्याही होत्या.