चुन्याखालचं नाव

इस्लापूरकडच्या घाटात, माझ्या चहाच्या हॉटेलसमोर, कमरेएवढा एक दगड होता. रझाकारांच्या काळात जंगलात लपलेल्या लोकांना भाकरी पोचवताना आमच्या गावचा ग्यानोबा तिथं गोळी लागून गेला. पुढं गावानं दगड उभा केला, त्याला सिमेंटचा गिलावा केला आणि गिलावा ओला असतानाच खिळ्यानं नाव कोरलं. गाडीवाले त्याच्याच आडोशाला लघवीला उभे राहायचे. मी फडकं घेऊन त्यांच्या अंगावर धावून जायचो. लाज नाही, दुसरं काय!

ग्यानोबाची लेक सरजाबाई. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. बापाचा फोटो नाही, काठी नाही, काही नाही. शाळेची पायरी तिनं चढली नाही, पण दगडावरच्या अक्षरांतून बोट फिरवत ती बापाचं नाव म्हणायची.

दरवर्षी मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी ती बादलीत चुना कालवून यायची आणि दगडाला पांढराशुभ्र करायची.

मी चिडवायचो, "मावशी, किती नटवता बापाला!"

"जित्तेपणी कुनी धड सदरा दिला न्हाई त्याला, लेकरा. म्या देते."

सदऱ्यावर सदरा चढत गेला. नाव सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे दगड वाचायला कोण जातो? अलीकडे सरजाबाई बराच वेळ बोट फिरवत बसायची. मग बोटं चोळत म्हणायची, "वय झालं. बोटं मेली माझी. काईच लागंना." मी तिला गरम चहाचा कप धरायला द्यायचो.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. साहेब आले. दगड हलवून तिथं नवा फलक लावू म्हणाले. चांगली गोष्ट. पण दगडाकडं बघून म्हणाले, "यावर तर काहीच लिहिलेलं नाही."

"हाय. खरवडून बघा," सरजाबाई म्हणाली.

मजुरानं पटाशी लावली. चुन्याचे जाड पापुद्रे निघाले आणि त्यांना चिकटून गिलावाही निघाला. आत नुसता काळा दगड. सरजाबाईनं ते तुकडे पदरात गोळा केले. तिनं बापाचं नाव सांगितलं, मी सांगितलं, अख्ख्या गावानं सांगितलं. साहेब म्हणाले, तोंडी चालत नाही, पुरावा लागतो. मी हमरीतुमरीवर आलो, पण उपयोग झाला नाही.

या मुक्तिदिनाला सरजाबाई आली ती सवयीनं बादली घेऊनच. समोर निळा चकचकीत फलक.

"काय लिवलंय, लेकरा?"

ग्यानोबाचं नाव माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती. खोटं बोलवलं नाही.

"अज्ञात हुतात्मा, असं लिहिलंय, मावशी."

"म्हंजी?"

"म्हणजे... कोण होता ते माहीत नाही, असा."

ती खालीच बसली. "म्या सांगितलं व्हतं की त्यांला," एवढंच म्हणाली. मी चहा आणला, तो निवून गेला. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी उगाच एका ट्रकवाल्यावर खेकसलो.

बऱ्याच वेळानं तिनं दोन्ही हात पुढं धरले आणि बोटांकडं बघत राहिली.

"म्हंजी माझी बोटं चांगलीच व्हती," ती म्हणाली. "म्याच बुजवला त्याला."